अनुकूली गणित चाचणी: अचूकतेच्या कामाच्या नोंदी

२३ जून २०२५, सोमवार. वागळे इस्टेट, ठाणे

शाळा सुरू झाल्या. गेल्या वर्षीची चाचणी यंदा तशीच चालवायची नाही, हे आज आम्ही चौघांनी बसून ठरवलं. चाचणी पाचवी ते सातवीच्या मराठी माध्यमाच्या मुलांसाठी, गणिताची, टॅबवर घेतली जाणारी. मूल एक प्रश्न सोडवतं, त्या उत्तरावरून त्याच्या पातळीचा अंदाज बदलतो आणि पुढचा प्रश्न नव्या अंदाजाला धरून निवडला जातो. शाळा सगळ्या खाडीपलीकडच्या: कळवा, विटावा, दिघा, ऐरोली, घणसोली.

हे काम काढण्याचं कारण म्हणजे शिक्षकांचे अभिप्राय. सहावीच्या एका बाईंनी लिहिलं होतं, "तुमचा रिपोर्ट सांगतो की मुलगा चौथीच्या पातळीला आहे. वर्गात त्याला बावन्नातून सदतीस वजा करता येत नाहीत. मी कशावर विश्वास ठेवू?" बाकीचे अभिप्राय चाळले तर सूर तोच. तक्रारी सगळ्या एकाच दिशेच्या आहेत: मागे पडलेलं मूल रिपोर्टात आहे त्यापेक्षा बरं दिसतं. पुढे असलेल्या मुलांबद्दल कुणाची हरकत नाही. चुका दोन्हीकडे सारख्या विखुरलेल्या असत्या तर कमी प्रश्न विचारल्याचा परिणाम म्हणून सोडून देता आलं असतं. एकाच बाजूला झुकलेली चूक ही वेगळी गोष्ट आहे, तिला मुळाशी कारण असतं.

आणि ही चूक नेमकी तिथे आहे जिथे ती असायला नको. कुणाला आधी मदत हवी ते शोधायला ही चाचणी आहे.

२६ जून, गुरुवार

पायाभूत गोष्टी एकदा लिहून ठेवते, म्हणजे पुढच्या नोंदी नव्या माणसालाही वाचता येतील.

आमचं मॉडेल राशचं. डेन्मार्कचे गणिती गेओर्ग राश यांनी १९६० साली ते पुस्तकरूपात मांडलं. मुलाची क्षमता आणि प्रश्नाची काठिण्यपातळी एकाच पट्टीवर मोजायची, एकक लॉजिट. दोन्ही सारख्या असल्या तर बरोबर उत्तराची शक्यता ५० टक्के. मूल प्रश्नापेक्षा १ लॉजिट वर असेल तर ७३ टक्के, २ वर असेल तर ८८. एका प्रश्नातून मिळणारी माहिती म्हणजे बरोबर येण्याची शक्यता गुणिले चुकण्याची शक्यता. ती सगळ्यात जास्त कधी? दोन्ही शक्यता अर्ध्या-अर्ध्या असताना, म्हणजे ०.२५. विचारलेल्या सगळ्या प्रश्नांची माहिती मिळवायची, तिचं वर्गमूळ काढायचं आणि १ ला त्याने भागायचं, की प्रमाण त्रुटी मिळते, म्हणजे अंदाज खऱ्या पातळीपासून साधारण किती सरकलेला असू शकतो ते. अनुकूली चाचणीचा सगळा फायदा या एका गोष्टीत आहे: मुलाच्या पातळीचे प्रश्न विचारले की प्रत्येक प्रश्न जास्त बोलतो.

कल्पना जुनी आहे. आल्फ्रेड बिने १९०५ पासून मुलांना तोंडी प्रश्न विचारत ते उत्तरं बघूनच वर-खाली जात. आपल्याकडे 'असर'चे कार्यकर्ते २००५ पासून गावोगाव वाचनचाचणी घेतात, तीही अनुकूलीच आहे: आधी परिच्छेद वाचायला द्यायचा, जमला तर गोष्ट, नाही जमला तर शब्द, तेही नाही तर अक्षरं. संगणक नाही, सूत्र नाही, पण खालच्या टोकाला अक्षरांपर्यंत उतरायची सोय पहिल्यापासून आहे. हे वाक्य लिहिताना आमची अडचण समोर दिसते आहे.

कारण आज मुलांचे गेल्या वर्षीचे अंदाज आणि प्रश्नांच्या काठिण्यपातळ्या एकाच उभ्या पट्टीवर मांडल्या. शिकागोच्या बेंजामिन राइट यांच्या नावावरून या मांडणीला राइट मॅप म्हणतात. मधल्या भागात प्रश्नांची दाटी आहे. वरही पुरेसे आहेत. खाली मात्र मुलं आहेत आणि त्यांच्यासमोर प्रश्नच नाहीत. प्रश्नपेढी चौथी ते सातवीच्या पाठ्यपुस्तकांवरून तयार झाली. सहावीच्या चाचणीत दुसरीचा प्रश्न लागेल असं कुणी धरलं नव्हतं.

याची किंमत आकड्यांत. २० प्रश्न मुलाच्या पातळीला अगदी जुळणारे मिळाले तर माहिती ५, त्रुटी ०.४५ लॉजिट. सगळ्यात सोपा प्रश्नसुद्धा मुलापेक्षा २ लॉजिट वर असेल तर तेवढ्याच २० प्रश्नांतून माहिती २.१, त्रुटी ०.६९. ३ लॉजिट वर असेल तर माहिती ०.९, त्रुटी १.०५. चाचणी तेवढाच वेळ चालते, मूल बहुतेक प्रश्न चुकतं, आणि हाती जवळपास काही लागत नाही.

आमच्या एका सहकाऱ्याचं म्हणणं, प्रश्न निवडण्याचा नियम बदलून पाहू. चँग आणि यिंग यांनी १९९६ मध्ये सुचवलेला कुलबॅक-लायब्लर माहितीवर आधारलेला नियम सुरुवातीच्या डळमळीत अंदाजांना जास्त सोसतो, हे खरं. पण पेढीत नसलेला प्रश्न कोणताही नियम निवडू शकत नाही. आधी पेढी.

२ जुलै, बुधवार

पर्यायांचा प्रश्न. गेल्या वर्षीचे बहुतेक प्रश्न चार पर्यायांचे होते, तपासायला सोपे म्हणून. ज्या मुलाला उत्तर येत नाही तेही चारांत एकदा बरोबर बोट ठेवतं.

यामुळे किती नुकसान होतं ते आज तीन-प्राचल मॉडेलने काढलं (अॅलन बर्नबॉम यांनी १९६८ मध्ये मांडलेलं, ज्यात अंदाजाने बरोबर येण्याचा वाटा वेगळा धरतात). तो वाटा ०.२५ धरला तर मुलाच्या पातळीच्या प्रश्नातून माहिती ०.२५ ऐवजी ०.१५. चाळीस टक्के तिथेच गेली. आणि प्रश्न मुलाच्या २ लॉजिट वर असेल तर ०.१०५ ऐवजी जेमतेम ०.०२८. म्हणजे उरला पाव हिस्सा. असे २० प्रश्न विचारून त्रुटी १.३४ लॉजिट.

म्हणजे खालच्या मुलावर दुहेरी मार आहे. त्याच्या पातळीचे प्रश्न नाहीत, आणि जे आहेत त्यांत नशिबाने मिळालेले गुण खऱ्या गुणांत मिसळतात. शिवाय आपलं राश मॉडेल अंदाजाने मारलेलं उत्तर ओळखत नाही. त्याच्या लेखी ते मुलाला येणारं उत्तर. वरची मुलं अंदाजाने क्वचितच मारतात, म्हणून वरचे रिपोर्ट बरोबर दिसतात. तक्रारी एका बाजूलाच का झुकल्या, त्याचं एक कारण हे.

निर्णय: संख्या, क्रिया, अपूर्णांक, मापन या सगळ्यांत उत्तर मुलाने स्वतः अंकांच्या पाटीवर टाकायचं. पर्याय फक्त तिथेच ठेवायचे जिथे ओळखणं हेच कौशल्य आहे, उदाहरणार्थ आकृती.

८ जुलै, मंगळवार. घणसोली

सहावीच्या वर्गात बसले होते. बाईंनी पाच-सहा मुलांना एकेक करून जवळ घेतलं आणि तोंडी विचारलं. "कसं केलंस, मला सांग बरं." एवढंच.

५२ − ३७ चं उत्तर एका मुलीने २५ दिलं. विचारल्यावर म्हणाली, "सातातून दोन गेले पाच, पाचातून तीन गेले दोन." प्रत्येक घरात मोठ्यातून लहान. हिला वजाबाकी येत नाही असं म्हणणं चूक आहे. ५८ − ३४ ती क्षणात करते. तिला उसना घेणं येत नाही. आमच्या पेढीत या दोन्ही वजाबाक्या 'दोन अंकी वजाबाकी' या एकाच खणात आहेत आणि दोन्हींच्या काठिण्यपातळीत भरपूर अंतर आहे. तिसरी पायरी त्याच्याही वर: ४०२ − १७५, मधे शून्य. उसना घ्यायला शेजारी गेलं तर शेजाऱ्याकडेही काही नाही. बऱ्याच मुलांची वजाबाकी तिथे थांबते.

बाई म्हणाल्या, "मॅडम, मला पातळीचा आकडा नको, मुलगा कुठल्या पायरीवर अडलाय ते हवंय." मी त्यांना म्हटलं की आकडा नीट असेल तरच पायरी सांगता येईल. पण परत येताना ट्रेनमध्ये उलटा विचारही पटला: पायऱ्या नीट लिहिल्या तर आकडा आपोआप सुधारेल. दोन पायऱ्या एका खणात कोंबल्यामुळे तर पट्टीवर खालच्या भागात भोकं पडली आहेत.

१५ जुलै, मंगळवार

तक्रारी एकाच बाजूला का झुकल्या, त्याचं दुसरं कारण सापडलं. हे थेट आमच्या कोडमध्ये आहे आणि ते मुद्दाम ठेवलेलं आहे.

पहिले दोन-तीन प्रश्न सगळे बरोबर किंवा सगळे चूक आले तर साध्या महत्तम-संभाव्यता पद्धतीने (मिळालेली उत्तरं ज्या पातळीला सगळ्यात जास्त संभवतात ती पातळी धरायची) अंदाज अनंताकडे जातो. ते टाळायला आपण बेझच्या पद्धतीचा अंदाज वापरतो (बॉक आणि मिसलेव्ही यांनी १९८२ मध्ये मांडलेला): मूल सरासरीच्या आसपास असेल असं आधीच धरायचं आणि उत्तरं येतील तसा अंदाज हलवायचा. गृहीत धरलेली ही सरासरी स्वतः १ एकक माहितीइतकं वजन घेऊन बसते. उत्तरांतून ५ एकक माहिती मिळाली तर −२.५ वर असलेलं मूल (सरासरी म्हणजे ०) साधारण −२.१ वर दिसतं. हे चालतं. पण उत्तरांतून २ च एकक मिळाली, तर तेच मूल −१.७ वर दिसतं.

म्हणजे माहिती जितकी कमी, तितकं मूल सरासरीकडे ओढलं जातं. वर प्रश्न भरपूर असल्यामुळे तिथे ओढ कमी. खाली प्रश्न नाहीत, म्हणून तिथे जास्त. आणि सगळ्यात वाईट भाग: गृहीतकाचं ते १ एककही त्रुटीच्या हिशोबात धरलं जातं, त्यामुळे रिपोर्टातली त्रुटी खरीपेक्षा लहान दिसते. यंत्र चुकीचं सांगतं आणि खात्रीने सांगतं.

गृहीतक पूर्ण काढून टाकावं का, यावर दुपारभर वाद झाला. माझं मत: चाचणी चालू असताना ते ठेवावं, नाहीतर सुरुवातीला अंदाज भरकटतो. शेवटचा आकडा मात्र वॉर्म यांच्या १९८९ च्या भारित-संभाव्यता पद्धतीने काढावा. त्यात सरासरीकडे ओढ नाही आणि सगळी उत्तरं चूक आली तरी आकडा हातात राहतो. तसंच ठरलं.

२४ जुलै, गुरुवार

नौपाड्यात शिक्षकांची बैठक. पहिली ते तिसरीला शिकवणाऱ्या बाई मुद्दाम बोलावल्या, कारण खालच्या पायऱ्या त्यांना पाठ आहेत. दिवसभरात जी पायऱ्यांची उतरंड तयार झाली ती माझ्या कोणत्याही अभ्यासक्रम-दस्तऐवजात इतकी बारीक नव्हती. दोन संख्यांतली मोठी ओळखणं. दशक-एकक. बिनहातच्याची बेरीज, मग हातच्याची, मग दोनदा हातचा. वजाबाकी तशीच, उसन्याशिवाय, उसन्याची, शून्याची. समान वाटपाचा भागाकार, मग बाकी उरणारा.

एका बाईंचा आग्रह होता की आडवी मांडणी आणि उभी मांडणी हे वेगळे प्रश्न धरा. ३०५ + ४७ आडवं दिलं की काही मुलं ४७ शतकाखाली लिहून मोकळी होतात. घेतला. टॅबवर दोन्ही मांडण्या येतील.

सहावीच्या मुलाला 'लहान मुलांचा' प्रश्न आला की त्याला ओशाळं वाटतं, हाही मुद्दा निघाला. त्यामुळे चित्रं, फुगे, आंबे नकोत. साधे अंक, साधी भाषा, रिक्षाचं मीटर, दुकानातले सुटे पैसे.

१ ऑगस्ट, शुक्रवार

नवे प्रश्न पट्टीवर कुठे बसतात ते मुलांकडून सोडवून घेतल्याशिवाय कळत नाही. किती मुलं? राश मॉडेलमध्ये प्रश्न मुलांच्या पातळीला जुळणारा असेल तर १०० मुलांमधून त्याची काठिण्यपातळी ०.२ लॉजिटच्या त्रुटीने कळते, ४०० मुलांमधून ०.१ ने. प्रश्न जुळणारा नसेल तर मुलं कितीही असली तरी काम संथ होतं. म्हणून खालचे प्रश्न खालच्या मुलांनाच जास्त द्यायचे, सगळ्या वर्गाला सरसकट नाही.

नवे-जुने प्रश्न एका पट्टीवर आणायला काही प्रश्न समाईक लागतात. इथे सावध राहायला हवं. जे जुने प्रश्न पर्यायांचे होते त्यांच्या जुन्या काठिण्यपातळ्या अंदाजाने मारलेल्या उत्तरांमुळे खाली आलेल्या आहेत. अवघड प्रश्न जितका अवघड तितका तो जास्त खोटा सोपा दिसतो. तेच दुवा म्हणून वापरले तर जुनी पट्टीच नव्या प्रश्नांना चिकटेल. दुवा फक्त त्याच प्रश्नांचा, जे आधीपासून अंक टाकायचे होते. असे कमी आहेत, पण पुरतील.

११ ऑगस्ट, सोमवार. दिघा

कॅलिब्रेशनची, म्हणजे नव्या प्रश्नांच्या काठिण्यपातळ्या ठरवण्याची, फेरी सुरू. टॅबवर सगळा हिशोब ऑफलाइन चालतो, नेटवर्क लागत नाही; वर्गाच्या खिडकीपाशी गेलं तरच सिग्नल, असे वर्ग आहेत. मुलांची नावं टॅबवर नाहीत, फक्त सांकेतिक क्रमांक, आणि त्याची यादी शाळेतच राहते.

प्रत्येक उत्तराला लागलेला वेळही नोंदवतो आहोत. प्रश्न वाचून होण्याआधीच आलेलं उत्तर क्षमतेबद्दल काही सांगत नाही. अंकांची पाटी आल्यापासून अशी उत्तरं बरीच कमी झाली आहेत, पण मधल्या सुट्टीच्या आधीच्या तासाला ती अजूनही येतात. त्या तासाला चाचणी लावायची नाही, असं शाळांना कळवलं.

१९ ऑगस्ट, मंगळवार

पावसाने शाळा बंद. फेरी पुढच्या आठवड्यावर.

२५ ऑगस्ट, सोमवार

गणपतीच्या आधी हातात आलेल्या डेटावर पहिली नजर. R या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरमधल्या 'एमआयआरटी' पॅकेजने मॉडेल बसवलं. बहुतेक प्रश्न अपेक्षेप्रमाणे वागतात. पायऱ्या बाईंनी सांगितलेल्या क्रमानेच पट्टीवर उतरल्या, हे बघून फार बरं वाटलं.

न बसणाऱ्या प्रश्नांत दशांश अपूर्णांकांची एक जोडी फार शिकवणारी आहे. ५.७३६ आणि ५.६२ यांत मोठी संख्या कोणती? आणि ४.६३ व ४.८ यांत? दोन्ही सारख्याच वाटतात. पण 'जास्त अंक म्हणजे मोठी संख्या' असं मानणारं मूल पहिला प्रश्न बरोबर सोडवतं आणि दुसरा चुकतं. जे मूल थोडं पुढे जाऊन 'दशांशाच्या पुढे जास्त अंक म्हणजे बारीक तुकडे, म्हणजे लहान संख्या' अशा दुसऱ्या गैरसमजात अडकलं आहे, ते पहिला चुकतं आणि दुसरा बरोबर आणतं. म्हणजे पहिल्या प्रश्नावर कमी शिकलेलं मूल जास्त शिकलेल्या मुलाच्या पुढे जातं. असा प्रश्न अनुकूली चाचणीत घातक आहे, कारण त्याचं बरोबर उत्तर मुलाला वर ढकलतं आणि पुढचे सगळे प्रश्न त्याच्या आवाक्याबाहेरचे येतात. एकेकटे प्रश्न काढले. त्यांच्या जागी तीन दशांश संख्या चढत्या क्रमाने लावायचा प्रश्न, ज्यात दोन्ही गैरसमज उघडे पडतात.

दुसरी तपासणी समान क्षमतेच्या पण वेगळ्या गटातल्या मुलांना एखादा प्रश्न वेगळा जड जातो का याची, मँटेल-हेन्झेल पद्धतीने. मासळीच्या वाट्यांच्या किमतीचा एक प्रश्न कोळीवाड्यातल्या मुलांना सोपा गेला. त्यातली रीत त्यांना माहीत आहे, बाकीच्यांना प्रश्नच समजला नाही. आणि लांबलचक शाब्दिक उदाहरणं घरी मराठी न बोलणाऱ्या मुलांना त्यांच्या गणिताच्या मानाने जड जातात. दिघा, तुर्भे पट्ट्यात मराठी माध्यमाच्या वर्गात घरी हिंदी, कन्नड, बंजारा बोलणारी मुलं आहेत. त्यांचं वाचन आपण गणिताच्या नावाखाली मोजत होतो. शाब्दिक उदाहरणं दोन वाक्यांवर आणायची आणि सोबत ऐकण्याचं बटण द्यायचं.

९ सप्टेंबर, मंगळवार

दोन-प्राचल मॉडेलवर जावं का? त्यात प्रत्येक प्रश्नाची भेदनक्षमताही मोजतात, म्हणजे तो प्रश्न जवळपासच्या क्षमतेच्या मुलांना किती तीक्ष्णपणे वेगळं करतो ते. माहिती भेदनक्षमतेच्या वर्गाच्या पटीत वाढते, त्यामुळे कागदावर चाचणी एकदम लहान होते. मोह मोठा आहे.

माझा विरोध आहे, आणि कारण व्हॅन डर लिंडेन व ग्लास यांनी २००० साली नीट दाखवून दिलेलं आहे. कमी मुलांवरून काढलेल्या भेदनक्षमतेत काही प्रश्नांना योगायोगाने जास्त आकडा मिळतो. निवडीचा नियम सगळ्यात जास्त माहितीचा प्रश्न शोधतो, म्हणजे नेमके असे फुगलेले प्रश्न वेचून काढतो. समजा खरी भेदनक्षमता १ आहे आणि आपण १.४ मोजली. २० प्रश्नांनंतर यंत्र सांगेल त्रुटी ०.३२. खरी असेल ०.४५. चाचणी लवकर थांबेल आणि रिपोर्ट अचूक दिसेल. अचूक दिसणं आणि असणं यांत जे अंतर आहे तेच मिटवायला हे काम काढलं, तिथे दुसऱ्या दाराने ते परत आणायचं नाही. प्रत्येक प्रश्नाला निदान पाचशे मुलांची उत्तरं जमेपर्यंत राशच. बेशिस्त वागणारे प्रश्न काढून टाकायचे, त्यांना वेगळं वजन द्यायचं नाही.

१८ सप्टेंबर, गुरुवार

आता निवडीचा नियम. सुरुवात सगळ्यांची एकाच बिंदूवरून झाली तर पहिला प्रश्न सगळ्या वर्गाला तोच, दुसऱ्याला फक्त दोन शक्यता. बाकावर शेजारी बसलेल्यांना हे पाच मिनिटांत कळतं. मोठ्या परीक्षांनाही हे भोवलं आहे: १९९४ मध्ये अमेरिकेत कॅप्लन या शिकवणी संस्थेच्या माणसांनी जीआरई या पदव्युत्तर प्रवेशाच्या चाचणीची संगणकीय परीक्षा देऊन प्रश्न आठवून दाखवले आणि ती घेणाऱ्या ईटीएस संस्थेला ती परीक्षा काही काळ थांबवावी लागली. आमचा उपाय साधा, किंग्सबरी आणि झारा यांचा १९८९ चा: सगळ्यात चांगल्या पाच प्रश्नांतून एक चिठ्ठी टाकल्यासारखा निवडायचा. मधल्या दाट भागात याने जवळजवळ काही हरवत नाही.

सुरुवातीचे तीन प्रश्न इयत्तेच्या सरासरीपेक्षा खालचे. पहिल्याच प्रश्नाला घाबरून चुकलेलं मूल बराच वेळ खाली अडकतं आणि परत वर यायला त्याला अनेक प्रश्न लागतात.

याहून मोठा बदल म्हणजे यशाचं प्रमाण. नियमाप्रमाणे निवडलं तर प्रत्येक मूल निम्मे प्रश्न चुकतं. संख्याशास्त्राला ते आवडतं, सहावीतल्या मुलाला नाही. ७० टक्के यशाच्या पातळीचे प्रश्न दिले तर माहिती ०.२५ ऐवजी ०.२१. त्रुटी ०.४ वर आणायला २५ ऐवजी ३० प्रश्न. पाच प्रश्न जास्त देऊन मूल शेवटपर्यंत मन लावून सोडवत असेल तर सौदा चांगला आहे. वैतागून टाकलेल्या उत्तरांनी जी माहिती जाते ती कोणत्याच सूत्रात दिसत नाही.

विषयघटकांचं प्रमाणही बांधलं, नाहीतर मूल सलग भागाकारच सोडवत बसतं.

३० सप्टेंबर, मंगळवार

थांबण्याचा नियम. त्रुटी ०.४ किंवा ३५ प्रश्न, जे आधी येईल ते. मुलांच्या क्षमतांचा विचलनवर्ग १ धरला तर ०.४ म्हणजे विश्वसनीयता (मुलांच्या आकड्यांतल्या फरकांत खऱ्या फरकाचा वाटा) साधारण ०.८४. ०.३ वर जायचं तर ती ०.९१ होईल, पण अगदी जुळणारे प्रश्न देऊनही ४५ लागतील, आणि आमच्या ७० टक्क्यांच्या हिशोबाने त्रेपन्न. एका तासिकेत ते बसत नाही.

९ ऑक्टोबर, गुरुवार

पडताळणीचा डेटा आला. त्याच मुलांनी त्याच आठवड्यात दोन चाचण्या दिल्या: एक टॅबवरची अनुकूली, दुसरी कागदावरची लांब, सोप्यापासून अवघडापर्यंत ठरावीक प्रश्नांची. ज्यांचे आकडे सगळ्यात खाली आले त्यांच्याशी बाईंनी तोंडीही काम केलं. दोन्ही चाचण्यांची त्रुटी ०.४ असेल तर दोन आकड्यांमधल्या फरकाची त्रुटी ०.५७ हवी, म्हणजे शंभरातल्या पंचाण्णव मुलांचा फरक १.१ लॉजिटच्या आत असायला हवा. यंत्राने सांगितलेल्या त्रुटीवर विश्वास ठेवायचा की नाही, हे यातून कळतं.

खालच्या टोकाला फरक आता शून्याच्या दोन्ही बाजूंना आहेत. गेल्या वर्षीचा एकतर्फी झुकाव दिसत नाही. टॅब सांगतो त्या पायरीवरच मूल अडलेलं आहे, असं तोंडी तपासणीत बहुतेक बाईंना दिसलं.

मधल्या भागात मात्र फरक सिद्धांताने सांगितल्यापेक्षा थोडे जास्त पसरलेले आहेत. प्रश्नांच्या काठिण्यपातळीत अजून ०.२ ची अनिश्चितता आहे, ती यंत्राच्या हिशोबात येत नाही. शिवाय मूल दर दिवशी सारखं नसतं, आणि हे कोणत्याही मॉडेलात नाही. म्हणून रिपोर्टात यंत्राची त्रुटी तशीच छापायची नाही. या पडताळणीत दिसलेल्या पसाऱ्यावरून रुंद केलेली पट्टी छापायची.

१५ ऑक्टोबर, बुधवार

रिपोर्टाचा नवा नमुना बाईंना दाखवला. 'चौथीची पातळी' ही ओळ काढली. त्याऐवजी मुलाला सहज येणाऱ्या पायऱ्या, डळमळीत पायऱ्या, आणि ज्या पायरीवर काम सुरू करायचं ती. ३५ प्रश्न होऊनही त्रुटी ०.५ च्या वर राहिली तर पायरी छापली जाणार नाही. तिथे 'तोंडी तपासून पाहा' असं येईल आणि विचारायचे चार प्रश्न. एका सरांना हे रिपोर्टाचं अपयश वाटलं. माझ्या मते तो रिपोर्टाचा सगळ्यात खरा भाग आहे, आणि ऐरोलीच्या बाई त्यावर म्हणाल्या, "मला तेवढीच मुलं सांगा, मी बघते."

राइट मॅप पुन्हा काढला. तळ भरला आहे. आता विरळ जागा व्यवहारी अपूर्णांकांपाशी आहे: समच्छेद अपूर्णांकांची बेरीज आणि भिन्नच्छेद अपूर्णांकांची बेरीज यांच्यामधे पट्टीवर मोठी उडी आहे आणि तिच्यात एकही प्रश्न नाही. एक छेद दुसऱ्याच्या पटीत असलेली बेरीज, जसं १/२ + १/४, तिथे बसायला हवी. दिवाळीनंतर शाळा उघडल्या की असे प्रश्न कळवा आणि विटाव्यात आधी सोडवून घ्यायचे. टॅब चार्ज करून ठेवण्याची आणि उरलेल्या जुन्या पर्यायी प्रश्नांना अंकपाटी लावण्याची कामं सुट्टीआधी वाटून दिली आहेत.